सोनाराचा केर

चारुशीला बैठकीचा केर नालीत फेकते, हे अंजनाबाईला परक्याच्या तोंडून कळलं. त्याचीच तिला जास्त चीड आली.

नत्थूजी झारेकरी सोनारांच्या घरचा केर धुवून त्यातलं सोनं काढायचा. वर्षातून दोनदा महाल भागातल्या या घरी यायचा आणि घरी धुऊन उरलेली मडकंभर माती विकत घेऊन जायचा. आज त्याने मडक्यात हात घातला तर बोटं तळाला लागली.

"बाई, तुमची सूनबाई केर नालीत टाकून राहिली. म्या डोळ्यानं पाहिलं." एवढं बोलून तो पिशवी झटकून निघून गेला.

अंजनाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोनाराच्या घरी केर नसतो. दागिने घडवायच्या बैठकीखालची धूळ मडक्यात जाते, हात धुतलेलं पाणी गाडग्यात निवळतं. सासऱ्याच्या वेळची सतरंजी फाटली तेव्हा ती जाळून तिची राखसुद्धा तिने धुतली होती. आणि ही! सदर भागातल्या कारकुनाची लेक. मॅट्रिक झालेली. वहीच्या कोपऱ्यात फुलंपानं काढत बसायचं, तेवढं येतं. शाळेत नद्या पाठ करून घेतल्या, केर कशाला म्हणतात ते काही कोणी शिकवलं नाही.

दिवसही तसेच होते. सरकारने चौदा कॅरेटचा कायदा आणला होता. त्याहून जास्त कसाचा दागिना घडवायला बंदी. निम्म्या सोनारांच्या शेगड्या विझल्या. पण तिच्या घरी रोज दुपारी कानस वाजायची. गुडघे धरल्यापासून अंजनाबाई पुढच्या खोलीत जात नसे. मधल्या खोलीत पडून ऐकायची. आवाज खरखरीत यायचा. येणारच. चौदा कॅरेट म्हणजे तांब्याच्या संगतीनं बिघडलेलं सोनं. पण मुकुंदा, तिचा एकुलता एक, बिघडलेल्या का होईना, सोन्यालाच हात लावतो आहे, या एका गोष्टीवर तिची मान ताठ होती. तिच्या नवऱ्याने एकदा पितळेची बाळी सांधायला आणणाऱ्या गिऱ्हाइकाला पायरीवरूनच परतवलं होतं. "पितळ कासाराकडे न्या." हे ती अजून गल्लीला ऐकवायची.

कानस थांबली. केरसुणी वाजली. अंजनाबाई भिंत धरून उठली आणि पुढच्या दारात जाऊन उभी राहिली. बैठकीवर मुकुंदा नव्हता. चारुशीलाच्या हातात सुपली होती.

"काय घेऊन चालली वं?"

"केर, आत्याबाई."

"सोन्याले केर म्हणते? जीभ कशी नाही झडली तुही? परात आण. पाणी आण."

चारुशीलाने सुपली खाली ठेवली. परात आणि पाणी आणून ठेवलं.

अंजनाबाईने धूळ पाण्यात सोडली. परात हळूहळू फिरवली. माती वर आली, ती सांडली. पुन्हा पाणी, पुन्हा फेर. चाळीस वर्षं तिने हेच केलं होतं. या घरात घडवायचं पुरुषांनी आणि धुवायचं बायांनी. बैठकीवर बाई कधी बसली नव्हती. अंजनाबाईसुद्धा नाही.

तळाशी पिवळा कीस राहिला. भरपूर होता. इतका पाहून तिच्या कपाळाला आठी पडली. तिने कोनाड्यातली, सोनं पारखायच्या तेजाबाची बाटली मागितली आणि एक थेंब सोडला.

हिरवा फेस आला.

पितळ.

रस्त्यावरून एक सायकल-रिक्षा घंटी वाजवत गेली. दोघींपैकी कोणीच तिकडे पाहिलं नाही.

अंजनाबाईने उरलेला कीस चिमटीत घेतला, तळहातावर पसरला, अंगठ्याने चोळून पाहिला. मुकुंदाच्या कानशीखालून पडतो तो कीस तांदळाच्या पिठीसारखा. फुंकला की उडतो. हा रव्यासारखा होता.

"हात दाखव."

चारुशीलाने हात पदराआड नेले.

"दाखव म्हणते ना!"

बोटांची टोकं काळी. डाव्या अंगठ्याचं नख कानशीनं खाल्लेलं.

"कधीपासून?"

"होळीपासून." चारुशीला परातीकडे पाहत म्हणाली. "हे तर सकाळीच चौकात जाऊन बसतात. म्हणतात, उपाशी मरीन पण पितळेले हात लावणार नाही. मी फुलं बनवते, कानातली. रुपराव बांगडीवाला घेऊन जातो. त्याच्यावर चूल चालते. तुम्ही केर धुवाल, तुम्हाले समजेल, म्हणून मी... आजपासून बंद करते, आत्याबाई."

"बंद करशील न् खाशील काय? तुह्या नवऱ्याचा मान?"

चारुशीलाने कमरेची पुरचुंडी सोडली आणि एक फूल तिच्या हातावर ठेवलं. संत्र्याचं फूल. पाच पाकळ्या, एक जराशी दुमडलेली, नुकती उमलल्यासारखी. असं फूल या घरात कोणी घडवलं नव्हतं. मुकुंदाने नाही. त्याच्या बापानेही नाही.

अंजनाबाईने ते उजेडात धरलं. मग उलटं केलं आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. बोटाला खरखर लागली. तिने तोंड वाकडं केलं. फूल परत दिलं. परात उचलली आणि तळाचा सगळा कीस, एक कण न सांडता, नत्थूजीसाठी ठेवलेल्या रिकाम्या मडक्यात ओतला.

"पितळ हाय म्हणून केर झाला काय वं? उद्यापासून माह्यासमोर बसून घासजो. पितळच इतकं सांडून राहिली, तं तुह्या हाती सोनं कसं द्यायचं म्या?"