बिनखिडकीची खोली

तिने खिडकीच्या फटीवर चिकटपट्टीचा आणखी एक थर दाबला आणि हातातल्या हवामापकाकडे पाहिलं. धुराचा आकडा उतरत होता, पण रडतखडत.

डोंगरावरचं जंगल आठवडाभर जळत होतं आणि धूर शहरावर ठाण मांडून बसला होता. ऑफिसच्या इमारतीची देखभाल तिच्याकडे. त्यामुळे बाहेरची हवा ओढणारी झडप बंद करणं, एसीचे फिल्टर बदलणं, दारांखाली ओले टॉवेल सारणं, सगळं तिच्याच गळ्यात. कंबरेचा काटा ढिला झाला होता.

"अगं, इतकी मेहनत नको करूस," हिशेबनीस बाई म्हणाल्या. "आकडा वाढला तर सुट्टी तरी मिळेल!"

"सुट्टी घेऊन जाल कुठे? घरी याहून जास्त धूर."

तिच्या घरी तर भिंत आणि पत्र्याच्या मध्ये बोटभर फट. तिथे तिचं बाळ सासूबाईंच्या मांडीवर. रात्रभर त्याची छाती घरघरत होती. डॉक्टरांनी औषध दिलं, वर म्हणाले, स्वच्छ हवेत ठेवा. जसं काही ती दुकानात मिळते.

राहिली होती जुन्या फायलींची खोली. इमारतीच्या मधोमध, बिनखिडकीची. तिथली हवा मोजायला ती किल्ली मागायला गेली, तर साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले, "तिथे कोण बसतं? उगाच वेळ घालवू नका."

थोड्या वेळाने शिपायाची बायको खोकत खोकत आत येऊन टेकली. साहेबांनी तिला पाणी दिलं आणि परत पाठवलं. "एकाला घेतलं की अख्खी गल्ली येईल. नियम म्हणजे नियम."

बाळाला इथे आणू का, हे मनात जुळवलेलं वाक्य तिने गिळलं आणि ती पुन्हा खिडक्यांकडे वळली.

दुपारी सासूबाईंचा फोन. "अगं, दूध ओढत नाहीये. नुसती धाप लागलीय बघ त्याला."

"आई, गाडी करा आणि त्याला घेऊन इकडे या. मागच्या दाराशी."

"आणि तुझे साहेब?"

"बघते मी."

ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "माझं बाळ येतंय. त्याला श्वास घेता येत नाहीये. फायलींच्या खोलीची किल्ली द्या. हवं तर उद्यापासून कामावर येत नाही."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचेही डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल होते. ते उठले आणि तिच्यापुढे चालू लागले.

खोलीपाशी त्यांनी मागेपुढे पाहिलं. कुलूप नुसतंच अडकवलेलं होतं. ते काढून त्यांनी दार जरासं ढकललं.

"आणा बाळाला," ते कुजबुजले. "फक्त रडू देऊ नका. माझ्या आईचा आत्ताच डोळा लागलाय."