उसना ठोका

खांदा बधिर करून भालचंद्रला खुर्चीत बसवलं होतं. ऑपरेशन चालू होतं आणि तो जागा होता. शेजारी बसलेल्या वत्सलाच्या, त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनगटावरच्या पट्टीतून तिच्या नाडीची लय त्याच्या कमजोर हृदयाला मिळत होती; ती धडधडली की तेही धावणार होतं. जात्याच घाबरट वत्सला डोळे मिटून, कशीबशी स्वतःला शांत ठेवत होती.

अचानक भालचंद्रची मान कलंडली. तिच्या संथ लयीवर मंद होत होत त्याचं हृदय थांबायला आलं होतं.

"ताई, आता शांत राहू नका! डोळे उघडा, त्यांच्याकडे बघा!" भूलतज्ज्ञ ओरडल्या.

दादाचा पांढराफटक चेहरा दिसताच वत्सलाच्या काळजात धडधडू लागलं. हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला.

"माझ्या छातीत कोण धावतंय गं?" त्याने पुटपुटत विचारलं.

"मीच रे दादा," ती म्हणाली. तिला थांबताच येत नव्हतं.