राखीव कार्ड

"पेटी तुम्हीच उचला, सर," तेनमोळी म्हणाली.

वडिवेलने तिची हत्यारांची पेटी उचलली. इस्पितळाचा मेंटेनन्स मॅनेजर तो, वय अठ्ठावन्न, येत्या एकतीस तारखेला निवृत्ती. तळघराचा जिना उतरताना त्याला धाप लागली. ती मागून सावकाश उतरत होती. तिला घाई नव्हती. सहा वर्षं थांबली होती ती. आणखी वीस पायऱ्यांचं काय एवढं!

टेलिफोन एक्स्चेंज होतं तसंच होतं. कपाटाएवढं, करडं, म्हातारं. आत दोन प्रोसेसर, प्रत्येकाचं एक कार्ड. एक काम करतो, दुसरा राखीव; पहिला कोलमडला की दुसऱ्याने तत्क्षणी भार उचलायचा. इथे सहा वर्षं दुसऱ्याचा दिवा लाल होता, त्याला हात लावायला कुणी धजलं नव्हतं, आणि पहिला एकटाच गाडा ओढत होता. आज सकाळपासून तोही तीनदा बंद पडून पुन्हा सुरू झाला. दर वेळी चार मिनिटं सगळं इस्पितळ मुकं. हे मॉडेल हाताळणारं कोइमतूरमध्ये दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून वडिवेलला झक मारत तिलाच फोन करावा लागला.

तिने एकच अट घातली होती. "जे सापडेल ते मी डायरेक्टर मॅडमसमोर सांगणार. आणि तुम्ही ते लिहून खाली सही करणार."

सहा वर्षांपूर्वी ती इथेच नोकरीला होती. पहिला प्रोसेसर बंद पडला, राखीव उठलाच नाही, आणि चाळीस मिनिटं एकही फोन वाजला नाही. कुणी दगावलं नाही, एवढंच नशीब. चौकशीत वडिवेल म्हणाला होता, "आयुधपूजेनंतर कार्ड हिनेच बसवलं. सैल बसवलं. लक्ष कुठे असतं हिचं? पोर कडेवर घेऊन कामाला येते." खोलीत हशा पिकला. तिची नोकरी गेली. पुढे जिथे काम मागायला जाई तिथे कुणीतरी विचारायचंच, "सैल कार्डवाल्या बाई त्या तुम्हीच का?"

कार्ड सैल नव्हतं. आपल्या दोन अंगठ्यांची तिला खात्री होती.

आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, इथे प्रत्येक यंत्राला गंध-कुंकू लागतं. चालू प्रोसेसर काढता येत नाही, म्हणून राखीव कार्ड बाहेर काढून पक्कड-पान्यांशेजारी केळीच्या पानावर मांडायचं, अशी रीत होती. गंध लावायचा मान साहेबाचा. त्या वर्षीही वडिवेलनेच लावलं. कापूर झाला, सगळे चुरमुरे-डाळं घ्यायला वर गेले. पाळणाघराला सुट्टी, म्हणून तेनमोळीची चार वर्षांची लेक याळिनी सोबत होती. ती पानापाशीच बसून राहिली. तेनमोळी दोन पुड्या घेऊन खाली आली आणि तिने कार्ड जागेवर बसवलं. साहेबाचं ओलं गंध ओघळून आत गेलं असणार, हे तिला फार नंतर सुचलं. तोवर तिचं ऐकणारं कुणी नव्हतं.

तिने पेटी उघडली. झाकणावर यंदाच्या पूजेच्या, गंध-कुंकवाच्या तीन टिकल्या, एका रांगेत. याळिनी कशालाही एकच टिकली लावत नाही. एक अम्माला, एक अप्पाला, एक मला, असा तिचा लहानपणापासूनचा नेम.

तेनमोळीने स्क्रीन जोडून राखीव प्रोसेसरला साद घातली. उत्तर नाही. वीज तपासली. ठीक. केबल बदलून पाहिली. तरीही मुकाच. उरलं कार्ड.

"तेनमोळी, अहो," वडिवेल म्हणाला. पूर्वी तो अगं-तुगं करायचा. "एकतीसला निरोप समारंभ आहे. शाल, हार, मुलगा-सून येणार आहेत. निदान तेवढं होऊ द्या."

"माझा नव्हता झाला, सर."

तिने दोन्ही खटके दाबले आणि कार्ड ओढून काढलं. बॅटरीच्या उजेडात मागची कड पाहिली. खाचेत जाऊन जोड साधणाऱ्या सोनेरी पट्ट्यांवर वाळून दगड झालेलं चंदन आणि त्यावर काळपट लाल कुंकू, धुळीने माखलेलं. तिच्या छातीत काहीतरी गोड उसळलं.

"बघा, सर. सैल म्हणत होतात ना?"

वडिवेलचा चेहरा पडला. "पण मी तर पुढच्या पट्टीवर…"

"बोलवा मॅडमना. येताना कागद-पेन आणा."

तो गेला. पायऱ्यांवर त्याची पावलं जड वाजत होती, आणि ती ऐकायला तिला बरं वाटत होतं. मॅडमना एका नजरेत दिसावं म्हणून तिने ब्रश घेऊन धूळ झाडली. आधी पुढची पट्टी. तिथे साहेबाचा टिळा होता: एकच, रुंद, नेटका, जागच्या जागी. एक थेंबही ओघळलेला नाही.

मग तिने मागची कड झाडली.

एक टिकली. तिच्याशेजारी दुसरी. तिच्याशेजारी तिसरी. तिन्ही एका रांगेत, तुरीच्या डाळीएवढ्या.

ब्रश तिच्या हातात तसाच राहिला. वर दार वाजलं. मॅडमचा आवाज ऐकू आला.

तिने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला. घासलं. पुन्हा घासलं. पट्ट्या चमकेपर्यंत घासलं आणि तो लाल कापूस मुठीत दाबून पर्समध्ये टाकला. दोन अंगठ्यांनी कार्ड आत रेटलं. दिवा लाल राहिला, मग पिवळा झाला, आणि डायरेक्टर मॅडम, डॉक्टर कनकवल्ली, शेवटची पायरी उतरत असताना हिरवा.

"वा! काय होतं गं?" त्यांनी विचारलं. मागे वडिवेल मान खाली घालून उभा होता. हातात कोरा कागद आणि पेन होतं.

तेनमोळीने पेटीचं झाकण लावलं.

"कार्ड सैल होतं, मॅडम," ती म्हणाली. "मीच बसवलं होतं."