गार भट्टी

फाउंड्रीच्या दारातली रांगोळी पाहूनच सल्लागार मृण्मयी थेट भट्टीकडे धावली. आत झेंडूची माळ घातलेली भट्टी गार पडली होती.

"आजच बंद ठेवलीत?"

"मग?" मालक मगदूमअण्णा खुशीत होते. "युरोपच्या कार्बन टॅक्सचा साहेब येणार म्हणालासा न्हवं? त्येला धूर कशाला दावायचा?"

"अण्णा, सहा महिने कानीकपाळी ओरडतेय, तो धूरच मोजायला येतोय. मोजता आला नाही, तर युरोपात जाणाऱ्या तुमच्या मालावर सगळ्यात घाणेरडी भट्टी धरून कर लावतात. तुमची एवढी स्वच्छ असताना."

अण्णांचा चेहरा उतरला. बाहेर गाडी थांबली. त्यांनी झटक्यात भट्टीवरची माळ ओढून काढली आणि पुढे काय करावं ते न सुचून आत आलेल्या साहेबाच्या गळ्यात घातली.