सहा तासांचं विमान

"सहा तासांचं तर विमान, एवढ्यात येईल," असं काका परवा दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. म्हातारा त्याच सकाळी गेला होता. पण परदेशातल्या थोरल्या लेकाने फोनवर बजावलं होतं, "मी आल्याशिवाय बाबांना हलवायचं नाही!" मग काय, थोरल्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

धाकटी लेक तेव्हापासून मागच्या खोलीत बापाच्या अंगाभोवतीचा बर्फ बदलत होती. वर्षभर त्याचं गू-मूत काढताना तिने कधी नाक मुरडलं नव्हतं, पण कालपासून तिलाही श्वास रोखूनच आत जावं लागत होतं. काकांनी तर आता विमानाचं नाव घेणंच सोडलं होतं.

आज भर दुपारी दादासाहेब उगवले. उन्हाने नाक सोललेलं, हातात विमानतळावरच्या दुकानाची चकचकीत पिशवी.

"थेट विमान होतं गं," बूट काढता काढता तो म्हणाला, "पण मध्ये एक दिवस थांबणारं घेतलं. समुद्राकाठचं हॉटेल फुकटात मिळत होतं. म्हटलं, बाबा आता कुठे पळून जातायत?"

तिने मागच्या खोलीचं दार उघडलं.



"शी!" रुमाल नाकाला लावत तो उंबऱ्यावरूनच मागे सरला. "इतका वेळ घरात ठेवलंत कशाला?"