घाटाआधी टिटवाळा

पेट्रोलचं रेशनिंग उठलं, तसं झेवियरने ठाण्यातल्या मोटारवाल्यांच्या हातापाया पडून कसारा घाटाची सहल ठरवली. ऊन तापायच्या आत घाट चढायचा, वाटेत कुठेही थांबायचं नाही, हे त्याने टेंभी नाक्यावर सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. बायामाणसं सगळ्यांत पुढच्या, धाकूशेठच्या मोठ्या मोटारीत बसली. कुणाची गाडी बंद पडली तर बघायला तो स्वतः आपली मोटार घेऊन शेवटी राहिला.

कल्याण आलं आणि धाकूशेठची मोटार खुशाल टिटवाळ्याकडे वळली. बाकीच्याही तिच्यामागे. झेवियर भोंगा वाजवून वाजवून दमला.

गणपतीच्या देवळापाशी उतरताच तो कडाडला, "शेठ, नवसच फेडायचे होते तर बैलगाड्या जुंपायच्या! आता उन्हात घाट चढताना इंजिनं उकळतील. कुणाचं हे डोकं?"

धाकूशेठने रांगेकडे बोट दाखवलं. गळ्यात क्रूस, हातात नारळ, अशी झेवियरची आई सेसिलिया तिथे उभी होती.

"ओरडतोस काय रे? तुला मोटार मिळू दे म्हणून मीच नवस बोललेली. मोटार आली, पण आईला इथवर आणायला तुला सवड कुठे होती?"