निरोप, जसाच्या तसा

साथ आली तर निरोप कसे पोचवायचे, याची विद्यापीठाने कडेकोट तयारी केली होती. यादीतल्या प्रत्येकाने आपल्या खालच्याला फोन करायचा, कानामात्रेचाही फरक करायचा नाही, आणि शेवटच्या वॉचमनने तोच निरोप पहिल्या कारकुनाला ऐकवायचा. समितीच्या बैठकीशिवाय यादीतलं नाव गाळता येत नसे, आणि साथीमुळे बैठक होत नसे.

त्या सकाळी कुलसचिवांनी दिलेला निरोप हातात धरून कारकुनाने सवयीने खालचा नंबर लावला. फोन एका बाईने उचलला, तेव्हा कुठे आपण ग्रंथपालांच्याच घरी फोन लावल्याचं त्याच्या लक्षात आलं.

"चुकून लागला, वहिनी."

"चुकून कसा, भाऊजी? निरोप असेल ना? सांगा, लिहून घेते."

"आपले ग्रंथपाल... काल गेले. उद्या अकराला ऑनलाइन शोकसभा."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचं ऐकू आलं.

"बरं. यांच्या खाली छापखानावाले ना? त्यांना मी सांगते."

तासाभराने वॉचमनचा फोन आला. नियमाप्रमाणे त्याने वहिनींकडून खाली गेलेला निरोप खणखणीत आवाजात जसाच्या तसा म्हणून दाखवला, "आपले ग्रंथपाल काल गेले. उद्या अकराला ऑनलाइन शोकसभा. मलाही ताप आहे, घरी कुणी येऊ नका. फक्त रोज एक फोन करत जा."